फुटलेलें पत्र

दुसऱ्याचें पत्र वाचूं नये, हा पाठ आपणां सर्वांस लहानपणींच मिळतो. बंद पाकीट हें बंद दारासारखें आहे. मालकाच्या अनुज्ञेवांचून तें उघडणें हा असभ्यपणा होय. आणि आंतील मजकूर चारचौघांत बोलून दाखविणें ही तर चोरीच होय. ह्या शिकवणुकीविरुद्ध मला एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं. परंतु इतिहासांत कधीं कधीं असा प्रसंग येतो कीं, एखादें खाजगी पत्र फुटतें, तें जगभर होतें, आणि मग तें फोडणाराचा शोध घेण्याच्या गडबडींत पत्रांतील मजकूर खरा होता कीं खोटा, हा मूळ प्रश्नच सर्वांच्या नजरेआड होतो. अशाच एका पत्राची हकीकत आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावी असें मनांत आहे. तें पत्र आपल्याच देशाविषयीं होतें, आणि त्याच्या हकीकतीचा एक धागा आपल्या पुणें शहराशीं जोडलेला आहे.

प्रथम, असें पत्र लिहिणारा मनुष्य कोण असतो, तें पाहूं. एका राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्राच्या दरबारीं ठेवलेला जो प्रतिनिधि, त्यास आपल्याकडे पूर्वीं वकील म्हणत, हल्लीं राजदूत म्हणतात. त्याचीं कामें मुख्यतः दोन. आपल्या धन्याचें म्हणणें दुसऱ्यास गोड शब्दांत सांगणें हें एक; आणि दुसऱ्याच्या घरांत प्रत्यक्ष काय चाललें आहे तें आपल्या धन्यास खऱ्या शब्दांत कळविणें हें दुसरें. पहिल्या कामास मुखाचें माधुर्य लागतें, दुसऱ्यास मनाचें धैर्य लागतें. पेशव्यांच्या काळीं हिंगणे घराण्यांतील पुरुष दिल्लीस वकिलीवर असत. पुण्यास बसलेल्या कारभाऱ्यांस दिल्लीचा दरबार दिसत नसे. वकिलाच्या डोळ्यांनींच त्यांस तो पाहावा लागे. ह्या हिंगण्यांचीं पत्रें आज इतिहासाचीं साधनें म्हणून छापून प्रसिद्ध झालेलीं आहेत. वकील जर धन्यास आवडेल तेवढेंच लिहूं लागला, तर तो धन्याचा डोळा न राहतां धन्याच्या डोळ्यांवरची पट्टी होतो.

आमच्या वरच्या वर्गांतील संस्कृतच्या विद्यार्थ्यांना भारवीचें किरातार्जुनीय ठाऊक असेल. त्याच्या पहिल्याच सर्गांत युधिष्ठिरानें पाठविलेला वनेचर परत येतो आणि शत्रु जो दुर्योधन, त्याचा कारभार किती दक्षतेनें चालला आहे, तें धर्मराजास स्पष्ट सांगतो. शत्रूची स्तुति वनवासी राजाच्या कानाला कशी लागेल, ह्याची त्याला कल्पना आहे. म्हणून तो आधीं क्षमा मागतो, पण सांगावयाचें तें सांगतोच. आणि युधिष्ठिरहि त्याच्यावर रागावत नाहीं. त्याला बक्षीस देऊन निरोप देतो. सांगणाराचा धर्म व ऐकणाराचा धर्म, हे दोन्ही तेथें शेजारीं शेजारीं दाखविले आहेत. १९६१ सालीं व्हिएन्ना येथें राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्यांतहि हीच गोष्ट कायद्याच्या भाषेंत आली आहे. ज्या देशांत आपण राहतों तेथील परिस्थिति कायदेशीर मार्गांनीं जाणून घेऊन ती आपल्या सरकारास कळविणें हें राजदूताचें कार्य होय, आणि त्याचा सरकारी पत्रव्यवहार कोणीं उल्लंघूं नये, असें त्या करारानें ठरविलें.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं.

विल्यम फिलिप्स हे अमेरिकेचे एक मुरब्बी मुत्सद्दी होते. त्यांचा जन्म १८७८ सालचा. त्यांनीं आपल्या देशाच्या परराष्ट्रखात्यांत मोठीं पदें भूषविलीं होतीं, आणि १९३६ पासून १९४१ पर्यंत ते इटलींत अमेरिकेचे राजदूत होते. डिसेंबर १९४२ मध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं आपले खाजगी प्रतिनिधि म्हणून त्यांची हिंदुस्थानासाठीं निवड केली, आणि जानेवारी १९४३ मध्यें ते दिल्लीस पोंचले. तो काळ मोठा कठीण होता. ब्रह्मदेश जपानी सैन्यानें घेतला होता. युद्ध आपल्या पूर्वेच्या वेशीपाशीं येऊन ठेपलें होतें. इकडे ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ ठरावानंतर काँग्रेसचे पुढारी तुरुंगांत होते, आणि महात्मा गांधी पुण्यास आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध होते. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई ह्यांचें त्याच बंदिवासांत, १५ ऑगस्ट १९४२ रोजीं, निधन झालें होतें.

फिलिप्स येऊन सुमारें एक महिना झाला तोंच, १० फेब्रुवारी १९४३ रोजीं, गांधीजींनीं एकवीस दिवसांचें उपोषण आरंभिलें. त्यांचें वय तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचें होतें. सर्व देशाचे डोळे पुण्याकडे लागले. सरकार त्यांना सोडीत नाहीं म्हणून व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळांतील तीन सभासदांनीं राजीनामे दिले. सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपल्या वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे. उपोषण ३ मार्च रोजीं सुखरूप पार पडलें. फिलिप्स ह्यांनीं गांधीजींस भेटण्याची परवानगी मागितली. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनीं ती दिली नाहीं. एप्रिलच्या अखेरीस देश सोडतांना फिलिप्स ह्यांनीं वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींस एवढेंच सांगितलें कीं, आपणांस गांधीजींची भेट घ्यावयाची होती, परंतु अधिकाऱ्यांनीं तशी सोय करून देतां येत नाहीं असें कळविलें. ह्याहून अधिक कांहीं ते उघडपणें बोलले नाहींत. जें बोलावयाचें तें त्यांनीं धन्यासाठीं राखून ठेवलें होतें.

स्वदेशीं परत गेल्यावर १४ मे १९४३ ह्या तारखेचें एक पत्र त्यांनीं रूझवेल्ट ह्यांस सादर केलें. त्याचा सारांश असा होता. जपानशीं होणाऱ्या झगड्यांत मोठा भार अमेरिकेवर पडणार आहे. इंग्लंडकडून त्यांत नांवापुरतीच मदत होईल असें दिसतें. तेव्हां हिंदुस्थानचा प्रश्न तुमचा नव्हे, असें इंग्लंडनें अमेरिकेस म्हणणें योग्य नाहीं. हिंदी लोकांस हें युद्ध आपलें वाटत नाहीं, कारण स्वातंत्र्याचीं जीं वचनें जगास दिलीं जात आहेत तीं हिंदुस्थानास लागू नाहींत, असें खुद्द पंतप्रधान चर्चिल ह्यांनींच सांगून टाकलें आहे. हिंदी सैन्य भाडोत्री आहे, आणि त्यांतील हिंदी अधिकाऱ्यांचें मनोधैर्य चांगलें नाहीं. ह्यावर उपाय एकच. युद्धानंतर अमुक तारखेस हिंदुस्थान स्वतंत्र होईल अशी घोषणा इंग्लंडच्या राजानें करावी, आणि त्या वचनाची साक्ष म्हणून दिल्लींत सर्व पक्षांचें एक तात्पुरतें सरकार आतांच स्थापावें.

रूझवेल्ट ह्यांनीं पत्र वाचलें. त्या वेळीं चर्चिल हे वॉशिंग्टनमध्येंच होते. त्यांच्याशीं फिलिप्स ह्यांची भेटहि झाली. चर्चिल संतापले, आणि गोष्ट तेथेंच थांबली. पत्र दप्तरांत गेलें. दप्तरांत जाऊन पडणें हें बहुतेक खऱ्या पत्रांच्या नशिबीं असतेंच. परंतु ह्या पत्राचें नशीब निराळें होतें. २५ जुलै १९४४ रोजीं, म्हणजे लिहिल्यानंतर चौदा महिन्यांनीं, ड्रू पिअर्सन नांवाच्या पत्रकारानें वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांतील आपल्या सदरांत तें प्रसिद्ध केलें.

मग काय विचारतां! फिलिप्स त्या वेळीं लंडन येथें सेनापति आयझेनहॉवर ह्यांचे राजकीय सल्लागार होते. म्हणजे ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांच्याच राजधानींत राहत होते. पत्रांतील मतांशीं आपला संबंध नाहीं असें अमेरिकेच्या सरकारानें जाहीर करावें, अशी इंग्लंडनें मागणी केली. पत्र छापलें गेल्याबद्दल अमेरिकेच्या सरकारानें दिलगिरी दाखविली, पण त्यांतील मतें नाकारलीं नाहींत. ऑगस्टच्या अखेरीस चँडलर नांवाच्या सिनेटरनें आणखी एक कागद उघडा केला. दिल्लीच्या परराष्ट्रखात्याचे चिटणीस सर ओलाफ कॅरो ह्यांनीं लंडनला पाठविलेल्या तारेची ती नक्कल होती. पत्र फुटण्यांत फिलिप्स ह्यांचा हात असो वा नसो, त्यांचीं मतें अशीं आहेत कीं, त्यांचें पुन्हां दिल्लींत स्वागत होऊं शकत नाहीं, असा त्या तारेचा आशय होता. सप्टेंबरमध्यें फिलिप्स लंडन सोडून मायदेशीं परतले. त्यांचें परतणें खाजगी कारणासाठीं आहे, असें अमेरिकेच्या सरकारानें सांगितलें. ह्या पत्रामुळेंच त्यांना तेथून जावें लागलें, असें चँडलर ह्यांचें म्हणणें होतें.

वाचकांनीं त्या तारेचा आशय पुन्हां एकवार लक्षपूर्वक वाचावा. पत्र फोडण्यांत त्याचा हात असो वा नसो! म्हणजे राग पत्र फुटल्याचा नव्हता. राग मतांचा होता. बाहेर मात्र बोभाटा गुप्ततेच्या भंगाचा चालला होता. सत्ताधाऱ्यांची ही युक्ति फार जुनी आहे. मजकुराला उत्तर देतां येत नसलें म्हणजे मजकूर बाहेर आलाच कसा, ह्याची चौकशी मांडावयाची. ती चौकशी निरर्थक असते असें मी म्हणत नाहीं. पण ती दुसरी चौकशी आहे, पहिली नव्हे.

येथें न्यायाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ती लपविली तर मीहि एकांगी लेखकच ठरेन. फिलिप्स ह्यांच्या पत्रांतील सर्वच शब्द सारख्या तोलाचे नव्हते. ‘भाडोत्री’ हा शब्द घ्या. जें सैन्य युद्धाच्या अखेरीस पंचवीस लाखांच्या आसपास पोंचलें, त्यांतील शिपायांपैकीं बरेच जण पगारासाठीं व घरच्या गरजेसाठीं भरती झाले, हें खोटें नाहीं. कोंकणांतील आणि घाटावरील कितीएक घरांत त्या मनीऑर्डरीवर चूल पेटत होती. परंतु पोटासाठीं गेलेला मनुष्य रणांत केवळ पोटासाठींच उभा राहतो, असें म्हणणें हा त्याच्यावर अन्याय आहे. पत्र लिहिलें गेलें तेव्हां ब्रह्मदेशांतील माघारीच्या आठवणी ताज्या होत्या. तें छापलें गेलें तोंपर्यंत इंफाळ व कोहिमा येथें मार्चपासून जुलैपर्यंत चाललेला घनघोर संग्राम होऊन गेला होता, आणि हिंदी पलटणींनीं तेथें जपानी सैन्याची चढाई मोडून काढली होती.

आणखी एक तारीख सांगतों. १० जुलै १९४४ रोजीं इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे आपली लहानशी तुकडी घेऊन शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले. बरोबरचे सर्व जण पडले किंवा जखमी झाले, तरी ते एकटे पुढें गेले, त्यांनीं तें ठाणें जिंकलें, आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. तेव्हांच्या कुलाबा आणि आतांच्या रायगड जिल्ह्यांतील त्या वीरास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. ते पडल्यानंतर बरोबर पंधराव्या दिवशीं ‘भाडोत्री’ हा शब्द जगाच्या बाजारांत छापून आला! ज्या मातेचा पुत्र परक्या मातींत पडला, तिच्या घरीं तो शब्द कसा वाटला असेल?

ह्यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, खाजगी अहवाल हा एका मनुष्यानें एका दिवशीं, हातीं असलेल्या माहितीवरून लिहिलेला असतो. तो न्यायाधीशाचा निकाल नव्हे. धन्यास लिहितांना वकील शब्द तासून पुसून घेत नाहीं, कारण वाचणारा एकच आहे आणि तो शंका आल्यास विचारील, असा त्याचा भरंवसा असतो. तोच कागद चौदा महिन्यांनीं हजारों वाचकांच्या हातीं पडला म्हणजे त्यांतील घाईचा शब्दहि शिलालेखासारखा वाटूं लागतो. पत्र फोडणाराचा खरा अपराध येथें आहे. तो केवळ गुपित उघडें करीत नाहीं. एका माणसासाठीं लिहिलेले शब्द तो सर्व जगासाठीं लिहिलेले करून टाकतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, चुकीच्या शब्दालाहि उत्तर असतें, आणि तें उत्तर देणें हाच खरा मार्ग होय. ‘भाडोत्री’ ह्या शब्दास इंफाळचें व टायबरचें उत्तर होतें, आणि तें कोणासहि ताठ मानेनें देतां आलें असतें. पण ‘स्वातंत्र्याची तारीख सांगा’ ह्या मागणीस उत्तर कोठें होतें? तें नव्हतें, म्हणूनच राग होता. आणि इतिहासाचा न्याय पाहा. २ सप्टेंबर १९४६ रोजीं दिल्लींत हंगामी सरकार स्थापन झालें. २० फेब्रुवारी १९४७ रोजीं पंतप्रधान ॲटली ह्यांनीं जून १९४८ पर्यंत सत्ता हिंदी लोकांच्या हातीं देऊं, अशी मुदत जाहीर केली. प्रत्यक्षांत १५ ऑगस्ट १९४७ रोजींच देश स्वतंत्र झाला. ज्या दोन गोष्टी लिहिल्याबद्दल एक वृद्ध मुत्सद्दी नकोसा झाला, त्याच दोन गोष्टी, तात्पुरतें सरकार आणि ठरलेली मुदत, इंग्लंडला तीन वर्षांच्या आंत स्वतःच्या हातानें कराव्या लागल्या. १९४३ सालीं त्या केल्या असत्या तर पुढची रक्ताची होळी व फाळणी टळली असती काय, हें कोणीं सांगावें? परंतु वेळेवर ऐकलेलें सत्य उशिरां ऐकलेल्या सत्याहून स्वस्त पडतें, एवढें तरी खास.

कोणी म्हणेल, हें पत्र आपल्या बाजूचें होतें म्हणून तुम्ही त्याचें कौतुक करीत आहां. ही शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षा घेण्यासाठीं दुसरें उदाहरण घेऊं, ज्यांत आपलें हित वा अहित कांहींच नाहीं. फिलिप्स प्रकरणास बरोबर पंचाहत्तर वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे जुलै २०१९ मध्यें, तेंच नाटक उलट्या भूमिकांनीं झालें. सर किम डॅरक हे वॉशिंग्टनमध्यें ब्रिटनचे राजदूत होते. राष्ट्राध्यक्ष ट्रंप ह्यांचा कारभार अकुशल व विस्कळित आहे, अशा अर्थाचे जे खाजगी अहवाल त्यांनीं आपल्या सरकारास पाठविले होते, ते ७ जुलै रोजीं लंडनच्या एका रविवारच्या वर्तमानपत्रानें छापले. दुसऱ्याच दिवशीं ट्रंप ह्यांनीं ह्या राजदूताशीं आपण ह्यापुढें व्यवहार ठेवणार नाहीं, असें जाहीर केलें. पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनीं आपल्या राजदूताची पाठराखण केली. तरीहि काम करणें अशक्य झाल्यामुळें डॅरक ह्यांनीं १० जुलै रोजीं राजीनामा दिला. तीन दिवसांत एका दीर्घ सेवेवर पडदा पडला.

१९४४ सालीं अमेरिकेच्या वकिलाचें पत्र इंग्लंडला झोंबलें. २०१९ सालीं इंग्लंडच्या वकिलाचें पत्र अमेरिकेला झोंबलें. राष्ट्रें बदललीं, माणसें बदललीं, पण झोंबण्याची रीत तीच राहिली. दोन्ही वेळां लिहिणारानें आपलें कर्तव्य केलें होतें, पत्र दुसऱ्याच कोणीं फोडलें होतें, आणि शिक्षा मात्र लिहिणारास झाली. पहिल्या पत्रानें आपल्याला आनंद व्हावा आणि दुसऱ्यानें कांहींच वाटूं नये, हें स्वाभाविक आहे. पण न्याय दोन्हींना एकच लावला पाहिजे. आपल्या बाजूचें पत्र फुटलें तर तें सत्याचा विजय, आणि आपल्या विरुद्ध फुटलें तर तो विश्वासघात, असें म्हणणारास ना सत्याची चाड असते, ना विश्वासाची.

माझें मत मी थोडक्यांत सांगतों. पत्र फोडणें वाईटच. कारण वकिलाला आपलें पत्र फुटेल अशी भीति वाटूं लागली म्हणजे तो खरें लिहिणें सोडतो, आणि मग सर्व राष्ट्रेंच आंधळीं होतात. परंतु पत्र एकदां फुटलें म्हणजे तें न वाचल्याचें सोंग कोणालाहि करतां येत नाहीं. तेव्हां ज्याच्याविषयीं तें लिहिलें असेल त्यानें पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: हें खरें आहे काय? खरें असेल तर सुधारावें, खोटें असेल तर पुरावा द्यावा. ज्याच्या आज्ञेवरून तें लिहिलें असेल त्यानें लिहिणाराचा हात सोडूं नये. आणि आपण जे त्रयस्थ वाचक, त्यांनीं फुटलेल्या कागदास वेदवाक्य मानूं नये आणि त्याज्यहि मानूं नये. एका साक्षीदाराची साक्ष म्हणून तो तोलून पाहावा.

हें सर्व राजदरबारांचें झालें. त्याचा आपल्या मुलांशीं काय संबंध, असें एखाद्या पालकास वाटेल. त्यांच्यासाठीं माझ्या विद्यार्थिदशेंतील एक लहानसा प्रसंग सांगतों. आमच्या वर्गाच्या मॉनिटरकडे एक वही असे. तींत वर्गाची हकीकत लिहून ती दर शनिवारीं मुख्याध्यापकांकडे न्यावयाची. एकदां त्यानें तींत लिहिलें कीं, गणिताचा तास फार भरभर चालतो आणि मागच्या बांकांवरील मुलांस तो समजत नाहीं. ती वही कोणा खोडकर मुलानें पळविली आणि मधल्या सुट्टींत तें वाक्य मोठ्यानें वाचून दाखविलें. गणिताच्या मास्तरांच्या कानीं तें गेलें. मग वही कोणीं पळविली ह्याची चौकशी तीन दिवस चालली. चोर सांपडला नाहीं. आणि मॉनिटरला मात्र त्या जागेवरून काढण्यांत आलें. मी मागच्या बांकावर बसणारा होतों. त्या तीन दिवसांत, किंवा पुढें वर्षभरांत, ‘तुला गणित समजतें काय?’ असें मला एकानेंहि विचारलें नाहीं. वार्षिक परीक्षेंत मी नापास झालों, आणि माझ्याबरोबर आणखी पुष्कळ जण नापास झाले.

त्या मॉनिटरचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढें आहे. त्याच्या जागीं जो मुलगा आला, त्याची वही फार नीटनेटकी असे. प्रत्येक शनिवारीं तींत एकच वाक्य असे: वर्गाचें सर्व कांहीं ठीक आहे. मास्तर संतुष्ट होते, मुख्याध्यापक संतुष्ट होते, आणि आम्ही मागच्या बांकांवरचे मुलगे अपूर्णांकांच्या चिखलांत रुतत चाललों होतों. खरें लिहिणारास काढून टाकल्यावर जें मिळतें तें हें: नीटनेटकी वही आणि नापास वर्ग.

म्हणून पालकवर्गास माझी नम्र विनंति आहे. आपलें मूल घरीं येऊन जेव्हां एखादी न आवडणारी गोष्ट सांगतें, मग ती शाळेविषयीं असो, शेजाऱ्याविषयीं असो, किंवा आपल्या स्वतःच्या वागणुकीविषयीं असो, तेव्हां ‘तुला कोणीं विचारलें होतें?’ हा प्रश्न प्रथम करूं नका. आधीं पाहा कीं, तें खरें आहे काय. एकदां मार खाल्लेलें सत्य पुन्हां तोंडावर येत नाहीं. शाळेकडून मुलाच्या प्रगतीचा अहवाल आपणांकडे येतो, त्यांतील एखादी ओळ आपणांस रुचणार नाहीं. तरी ती लिहिणारा शिक्षक आपला वैरी नव्हे, हें ध्यानांत असूं द्या. आणि आम्हां शिक्षकांनींहि तोच नियम स्वतःस लावून घेतला पाहिजे. मॉनिटरची वही वाचतांना भुंवया चढविण्यापूर्वीं मागच्या बांकांकडे एकदां पाहिलें पाहिजे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस मी तीन गोष्टी सांगतों. दुसऱ्याचें पत्र फोडूं नका. तुमच्यावर जेव्हां कोणी विश्वासानें हकीकत कळविण्याचें काम सोंपवील, तेव्हां ती खरी कळवा. मात्र प्रत्येक शब्द असा तोलून लिहा कीं, उद्यां तो चव्हाट्यावर आला तरी ज्याच्याविषयीं लिहिला त्याच्या घरच्यांसमोर तुम्हांस मान खालीं घालावी लागूं नये. फिलिप्स ह्यांनीं तो एक शब्द असा तोलला असता, तर त्यांचें पत्र निर्दोष झालें असतें. आणि तिसरी गोष्ट, तुम्ही मोठे व्हाल, कोणी अधिकारी होतील, कोणी घरचे कर्ते होतील. तेव्हां खरें सांगणारा मनुष्य तुमच्यापुढें येऊन उभा राहील आणि त्याचे शब्द कडू लागतील. त्या दिवशीं त्याला दाराबाहेर काढूं नका. जवळ बसवून घ्या, आणि पुढें काय म्हणतो तें ऐका.